जहाजाचे सात सिनेमे आणि एक कोरी चिठ्ठी

"थांबा, आधी क्रम लागू द्या."

सांडूअण्णांच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. लग्नाच्या पंगतीत भाताच्या आधी वरण आलं, की ते वाढप्याला हात करून थांबवायचे. एसटीत चढताना, दवाखान्यात नंबर लावताना, एवढंच काय, फोटो काढायला माणसं उभी राहिली तरी हेच. सरूबाई, त्यांची बायको, ताट समोर ठेवून म्हणायची, "लावा क्रम. तवर भाकर गार होऊ द्या." आमच्या देवगाव रंगारीत त्यांची हुबेहूब नक्कल करणारी तीन माणसं आहेत. त्यातला एक मी.

त्या वाक्याच्या तळाशी काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. कळल्यापासून मी नक्कल सोडली.

अण्णा विसाव्या वर्षी गाव सोडून शहरात गेले. छावणीजवळच्या एका टॉकीजमध्ये आधी तिकिटं फाडली, मग वर केबिनमध्ये शिरले आणि बत्तीस वर्षं तिथंच मशीन चालवली. तेव्हा सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ, एक रीळ म्हणजे वीस मिनिटं. शेजारी शेजारी दोन मशिनी. एकीवर रीळ संपत आलं, की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरी मशीन सुरू करायची, दुसऱ्या ठिपक्याला पडदा तिच्या हवाली करायचा. खाली बसलेल्या हजार माणसांना पत्ता लागत नसे. अण्णांना घड्याळ लागत नसे. वीस मिनिटं त्यांच्या अंगात मुरली होती, जशी आपल्या अंगात भूक.

पुढं टॉकीज बंद पडली. अण्णा मंगल कार्यालयावर राखणीला राहिले. मुलगा शिवराज वाळूजच्या कंपनीत लेथवर लागला, त्याचं मंजुषाशी लग्न झालं, आणि चौघं छावणीतल्या दोन खोल्यांत सुखानं नांदत होती. शिवराजच्या कंबरेतली गादी सरकेपर्यंत.

आधी कळ आली. मग डावा पाय बधिर झाला. पायातली चप्पल रस्त्यात निसटून मागं राहायची आणि त्याला कळायचं नाही. मंजुषा मागून उचलून आणायची. डॉक्टर म्हणाले, "एमआरआय काढा. त्याशिवाय ऑपरेशनचं ठरवता येत नाही. उशीर केला तर हे पाऊल उचलणं बंद होईल."

शिवराज दोनदा गेला. दोन्ही वेळा त्या पांढऱ्या बोगद्यात डोकं शिरलं, की मिनिटाच्या आत त्यानं मशीन थांबवायची खूण म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबला आणि घामानं भिजून बाहेर आला. भूल देऊन काढावं तर त्याला दमा, डॉक्टर नको म्हणाले. तिसऱ्यांदा गुरुवारी सकाळी नऊची वेळ मिळाली.

मी, अण्णांच्या भावकीतला, त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडं मुक्कामाला होतो. शनिवारी दुपारी शिवराज कुशीवर पडला होता. सरूबाई त्याच्या पायाला तेल चोळत होती.

"एवढा बाप्या माणूस," ती म्हणाली, "अन् मशिनीला भेतो?"

"मशिनीला नाय भेत, माय."

"मंग कशाला?"

त्यानं भिंतीकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, "लहान असताना अण्णांच्या केबिनमधून एक शिनेमा पाह्यला व्हता. जहाजाचा. त्यात एका मानसाला काचेच्या पेटीत घालतेत. झाकण लागतं. तो आतून काचेवर हात ठेवतो. अन् मंग सगळं पांढरं. आत गेलं की मला तोच दिसतो. त्याला कुनी काढलंच नाय, माय."

अण्णा दारात सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता हातातच थांबला. ते तसेच उठून बाहेर गेले आणि दिवेलागणीला परत आले.

रविवारी सकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. "मंजुषा, ते जहाजाचे शिनेमे आता कुठं भेटतेत का गं?"

मंजुषानं फोनवर शोधलं. "भेटतेत की, मामा. सात हायेत. टीव्हीवर लावता येतेत. हिंदीत बी हायेत."

"सात? मी तीनच चालवले."

"तुमच्यानंतर चार निघाले. पन पाहायचे कोन्त्या क्रमानं, यावर लोक नेटवर भांडायलेत. कुनी म्हनतं जसे निघाले तसे पाहा. कुनी म्हनतं गोष्टीत आधी काय घडलं, त्या हिशोबानं पाहा. पाचवा शिनेमा पाचवा निघाला, पन त्यातली गोष्ट सगळ्यात आधीची हाये."

अण्णांच्या कपाळावर घाम आला. मी खोटं लिहीत नाही, सकाळी दहाच्या सुमाराला, पंख्याखाली. त्यांनी जुन्या लग्नपत्रिका फाडल्या, कोऱ्या बाजूला आकडे घातले आणि सात चिठ्ठ्या सतरंजीवर मांडल्या. मग मंजुषाला एकेका सिनेमाची गोष्ट वाचून दाखवायला लावली.

गोष्ट थोडक्यात अशी. पृथ्वीवरून फार लांब निघालेलं एक जहाज. त्यात ओलीसारखं काहीतरी शिरतं. भिंतींवर पसरतं, आणि माणसांचे आवाज शिकतं. मेलेल्या माणसाच्या आवाजात ते दाराबाहेरून हाका मारतं. पहिल्या सिनेमात ते काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. पाचव्यात सगळं उलगडून सांगितलेलं. त्या काचेच्या पेट्याही पाचव्यातच तयार होतात. एक बाई त्या बनवते, लांबच्या प्रवासात माणसं झोपून जावीत, ओलीपासून वाचावीत म्हणून. आणि पहिल्या पेटीत ती स्वतः झोपून पाहते. शिवराजनं पाहिलेला तो पेटीतला माणूस तिसऱ्यात आहे.

"पाचवा आधी," अण्णा म्हणाले.

"मामा, मंग पहिल्याची मजाच गेली की! आधीच समदं कळलं तर भ्या कशाचं वाटायचं?"

"मला तेच पायजे."

"मग सरळ तिसऱ्याचा शेवट दाखवा ना त्यांना. अर्धा तास. झालं."

अण्णांनी मान हलवली. "झाकण काहून लागलं हे कळल्याबिगर उघडल्याला काय किंमत हाये, बाई?"

कुशीवरून शिवराज म्हणाला, "मी काय लेकरू हाय का, अण्णा? मला नाय पाहायचं काही."

"पडून तर राहायचंच हाये तुला. डोळे उघडे ठेवून पड."

मांडणी चार वेळा मोडली. शिवराजला तासाभराच्या वर बसवत नव्हतं. म्हणजे दिवसाला एक सिनेमा, दोन तुकड्यांत, मधे जेवण. रविवार ते बुधवार चार दिवस, म्हणजे चारच सिनेमे. पाचवा, पहिला, दुसरा, तिसरा. पण तिसरा बुधवारी आला तर गुरुवारच्या तोंडावर जुनी भीती ताजी होईल. मंगळवारी घेतला तर दुसरा सुटेल, आणि दुसऱ्याशिवाय पेटीतला माणूस कोण हे कळायचं नाही. अण्णा चिठ्ठी सरकवायचे, परत आणायचे. मी म्हटलं, "अण्णा, शिनेमाच हाये. काय एवढं?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी चहा करायला उठलो.

परत आलो तेव्हा सतरंजीवर आठ चिठ्ठ्या होत्या. पाचवा, पहिला, दुसरा, तिसरा, मग एक कोरी, आणि तिच्यापुढं चौथा, सहावा, सातवा.

"ही कोरी कशाची?" शिवराजनं विचारलं.

"तुझी. गुरुवारची. पुढचे तीन त्याच्यानंतर."

रविवारी पाचवा झाला. ती बाई पेटीत झोपली आणि उठली, तेव्हा सरूबाई म्हणाली, "बाई हुशार हाये. पन एकटीच काहून झोपली? धन्याला आधी झोपवायचं." सोमवारी पहिला झाला. ओल दाराबाहेरून हाका मारायला लागली तेव्हा मंजुषानं पदर तोंडात धरला. शिवराज मात्र म्हणाला, "उघडू नको रे, तुझी माय नाय ती," आणि स्वतःच हसला. मंगळवारी दुसरा झाला. अण्णा पडद्याकडं पाहतच नव्हते. तिन्ही दिवस ते पोराचं तोंड पाहत होते.

बुधवारी सकाळी त्यांना जेवण गेलं नाही. तिसरा सुरू झाला. मधल्या जेवणानंतर शिवराज ताठ झाला. जहाजात ओल शिरली होती. एकच माणूस उरला होता. तो पेटीत उतरला, झाकण लागलं, त्यानं काचेवर तळवा टेकवला.

"बंद कर," शिवराज म्हणाला. "मंजुषा, बंद कर ते!"

मंजुषाचं बोट रिमोटवर गेलं. चित्र थांबलं. काचेवरचा तळवा तसाच राहिला.

"शिवराज," अण्णा म्हणाले, "ऐक. त्या दिवशी तुझी शाळेला सुट्टी व्हती. माय गावाकडं गेलती, मनून तुला केबिनमधी आनलं. त्या शिनेमाची कापी जुनी व्हती, रिळांच्या तोंडावरचे नंबर फाटलेले. असं असलं की मी रीळ दिव्यासमोर धरून क्रम लावायचो. त्या दिवशी तू हे काय, ते काय विचारत व्हता, अन् मी तुला कौतुकानं मशीन दाखवत बसलो. शेवटची दोन रिळं उलटी लागली. शेवटचं आधी गेलं. नावं येऊन गेली, अर्धी टॉकीज उठली. खालून मॅनेजर वरडला, राह्यलेलं दाखव. मनून हे झाकणाचं रीळ मागून लावलं. त्याच्यापुढं काहीच नव्हतं. नुसता पांढरा पडदा."

अण्णा पोराजवळ सरकले.

"तो बाहेर येतो, बाळा. तू पाह्यलं व्हतं. पन आधी पाह्यलं. चूक माझी व्हती, अन् मी तुला सांगितलं नाय. मला वाटलं, लेकरू हाये, इसरंल."

सरूबाई नवऱ्याकडं वळली. "अन् दोन महिने ते पोरगं गोधडीत तोंड घालून झोपत नव्हतं, तवा बी नाय सांगितलं?"

"नाय सांगितलं."

शिवराजनं बायकोच्या हातातून रिमोट घेतला. अण्णांनी पोराच्या उजव्या पावलावर, ज्याला कळत होतं त्याच्यावर, बोटानं दोन टिचक्या मारल्या. "आता रीळ बदलतंय," ते म्हणाले. "लाव."

चित्र पुढं सरकलं. तळवा होता तिथंच होता. मग काच धुरकटली, झाकण वर उचललं, आणि तो माणूस खोकत खोकत उठून बसला. बाहेर सकाळ होती, दुसऱ्या कुठल्यातरी ग्रहावरची. नावं यायला लागली. शिवराज उठला, पाय ओढत ओट्यावर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही. काम झालं की बिघडलं, कुणालाच सांगता येईना. अण्णा कोरी चिठ्ठी खिशात घालून येरझाऱ्या घालत होते.

गुरुवारी नऊच्या आधी आम्ही सगळे पोचलो. मशिनीच्या दालनासमोर शिवराजचे पाय थांबले.

"अण्णा, तुम्ही आत येता का?"

तिथल्या ताई म्हणाल्या, "एका नातेवाइकाला बसता येतं. पण अंगावर धातू काही नको. शरीरात सळई, मशीन काही बसवलंय का?"

"काही नाय बसवलं," अण्णा म्हणाले.

"आवाज फार येतो, काका. कापूस घाला. वीस-पंचवीस मिनिटं लागतील. तुम्ही घाबरणार नाही ना?"

"ताई, बत्तीस वर्षं दोन मशिनींच्या मधी उभा व्हतो."

ते बोलले खरे, पण पट्टा काढताना त्यांना तो सुटेना. सरूबाईनं सोडवला. मग चष्मा, किल्ल्या, अंगठी, करदोट्यातली ताईताची चांदीची पेटी, सगळं तिच्या पदरात पडलं. खिशातली कोरी चिठ्ठी त्यांनी ताईंना दाखवली. "कागद चालतो ना?" चालतो म्हटल्यावर परत ठेवली.

"ऐक," ते शिवराजला म्हणाले. "मी तुझ्या उजव्या पायापाशी बसतो. वीस मिनिटं झाली की दोन टिचक्या मारीन. पहिली लागली की समज, उघडायची वेळ आली. फुगा दाबायचा नाय."

"घड्याळ तर काढून ठिवायला लावलं, अण्णा. वीस मिनिटं कशी कळतेन?"

"तुझ्या मायला इचार."

सरूबाई म्हणाली, "कळतेन त्यांला. दुसरं काय कळतंय?"

चष्म्याशिवाय अण्णांना चार हातांपलीकडचं दिसत नाही. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. शिवराजनं डावा पाय ओढला, उजवा टाकला. अण्णाही त्याच चालीनं, अर्ध्या पावलाच्या अंतरानं मागून निघाले. जाड दार हळूहळू लागत गेलं. पदराची ओटी दोन्ही हातांनी धरून सरूबाई, शिवराजच्या चपला छातीशी धरून मंजुषा, आणि एका डोळ्यावर पट्टी असलेला मी, तिघं पाहत उभे होतो. मशीन सुरू झाल्याचा पहिला ठोका दाराबाहेर ऐकू आला, तेव्हा सरूबाई ओठ हलवून वीस मिनिटं मोजायला लागली होती.