हळद लावलेलं पिल्लू

लिहायला धजतोय, माफ करा. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण सांगलीच्या बाजारात हळदीचा वास आला, की पहिल्या वर्षाच्या सहलीतला कोकणचा किनारा आठवतो.

कासवाची पिल्लं वाळूवरून समुद्राकडे निघाली होती. आम्ही शिराळ्याचे, नागालाही हळद वाहणारे. मी एक पिल्लू उचललं, समुद्राला वाहायला आईने दिलेली हळद त्याच्या पाठीवर चोळली आणि थेट पाण्यात सोडलं.

कासवांच्या पिल्लांचे राखणदार काका ओरडले, "अरे, हात नको लावू! चालत गेलं तरच त्याला बळ येतं."

"आवं काका, पुण्य लागंल की!" मी हसलो.

परवा सहलीतला मित्र म्हणाला, "तुला सांगितलं न्हाई गड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू मरून किनाऱ्याला लागलं हुतं. पाठीवर हळद हुती. तुला दिसू नये म्हणून काकांनी टोपलीखाली झाकलं."