येताना आई भरते

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. जॅकेटच्या आतल्या खिशात ते कायम हूकचा वजनकाटा बाळगत, रद्दीवाल्याकडे असतो तसा; त्यावरून हे नाव पडलं. लांबच्या सफरीला निघताना आमचा मोटरसायकलवाल्यांचा गट वाघोलीच्या पेट्रोलपंपावर जमे. तिथे काका प्रत्येकाला गाडीमागच्या पेटीतलं, म्हणजे टॉपबॉक्समधलं, सामान बाहेर काढायला लावत, हुकाला टांगत आणि चष्मा कपाळावर सरकवून काटा वाचत. मग टायर दाबून बघत. सगळं पसंत पडलं तर टाकीवर थाप मारून म्हणत, "सुटा." नाही पडलं तर, "हे काय, बिऱ्हाड हलवताय?"

"काका, उद्या कोथिंबीरही तोलाल," आमचा गटप्रमुख समीर एकदा म्हणाला.

"कोथिंबिरीनं मेलेला माणूस अजून पाहिला नाही. तू हो पहिला."

ते शनिवार पेठेत एकटे राहत. मोटरसायकलच्या कारखान्यात चाचणी विभागात इंजिनिअर होते. गाडीवर वाळूच्या पिशव्या बांधून ती जास्तीत जास्त वेगात पळवायची आणि कुठल्या वेगाला बिथरते ते बघायचं, हे त्यांचं काम. त्या कामात डावा कोपर मोडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. ते सांगत, "सीटच्या मागे उंचावर ओझं टाकलं की पुढचं चाक हलकं होतं. गावात काही कळत नाही. शंभरच्या पुढे गेलात की मागचा भाग वळवळायला लागतो, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. माणूस घाबरून हँडल आवळतो, ब्रेक मारतो. संपलं." मी हे इंग्रजीत वाचलं होतं, व्हिडिओही पाहिले होते. पण काकांच्या तोंडून मराठीत ऐकलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या पेटीतलं सामान कमी केलं.

गटात मी एकटीच मुलगी होते आणि फारसं बोलत नसे. काकांना त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "हात सैल ठेव. हँडल धरायचं असतं, त्याला लटकायचं नसतं." पुढे कुणी माझ्या गप्प बसण्यावरून चिडवलं तर म्हणायचे, "ती ऐकते. तुम्हीही करून बघा, जमलं तर."

गटात बरीच मुलं विदर्भातली, नोकरीसाठी पुण्यात आलेली. दिवाळीला ती गाडीवरच घरी जात. त्यांना निरोप देताना काकांचं एक वाक्य ठरलेलं असे, "जाताना पेटी मी बघतो, येताना आई भरते. आईपुढे काटा चालत नाही." सगळे हसत. यवतमाळकडचा निखिल सगळ्यात मोठ्यानं हसे.

त्या दिवाळीतही त्याची पेटी तोलून काकांनी "सुटा" म्हटलं होतं. परत येताना शिरूरच्या अलीकडे, सरळ आणि कोरड्या रस्त्यावर, निखिल गेला.

बातमी आली तेव्हा मी काकांकडेच होते. आम्ही दोघं पोलीस चौकीत पोचलो. आवारात गाडी आडवी पडली होती. टॉपबॉक्सचं झाकण उचकटलेलं होतं, आत फुटलेली लोणच्याची बरणी आणि फाटलेलं पोतं. आवारभर तूरडाळ सांडली होती आणि चिमण्या ती टिपत होत्या. मागून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर हवालदाराला सांगत होता, "आधी गाडीचं शेपूट हलाया लागलं, साहेब. मग लईच हलाया लागलं." काका खाली बसले. दोन्ही टायर त्यांनी दाबून पाहिले. मीही पाहिले. कडक होते, हवा भरलेली होती.

संध्याकाळी, पोलिसांनी गाडी मागच्या शेडमध्ये नेल्यावर, निखिलचे आईवडील आले. समीर आणि बाकीची मुलंही तोवर जमली होती. आईंनी काकांना बरोबर ओळखलं. निखिलनं घरी काटा धरलेल्या काकांचा फोटो दाखवला असणार.

"काहून झालं जी असं? माहा पोरगा त जपून चालवे. तुम्ही त गाडी पाह्यली होती न?"

काकांनी कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "पुढचा टायर फुटला, ताई. जाताना मीच तपासला होता. माझ्या नजरेतून सुटलं."

आईंनी हात उचलला. मला वाटलं, मारणार. त्यांनी तो स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला.

त्यानंतर पंपावर काकांशी कुणी नीट बोललं नाही. समीर म्हणाला, "आमच्या कोथिंबिरी तोलत बसलात काका, आणि टायर दिसला नाही?" त्या दिवशी ते गाडी वळवून घरी गेले आणि पुन्हा आले नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. "काका, टायर चांगले होते."

"मला दिसत नाही असं वाटतं का तुला?"

"मग सगळे तुम्हाला..."

"सगळ्यांचं दोन महिन्यांत विसरून होईल. त्या बाईला रोज डाळ शिजवायची आहे."

पुढच्या वर्षी काकांकडे यवतमाळहून पार्सल आलं. तूरडाळ आणि एक निरोप: "चूक कोणाच्याही हातून होते. मनाला लावून घेऊ नका." काकांनी सवयीनं पिशवी काट्याला टांगली, आणि काटा न वाचताच खाली उतरवली. डाळ त्यांनी टाकली नाही. मी गेले की आमटी वाढत, स्वतः खाली मान घालून जेवत. पार्सल दर वर्षी येत राहिलं. मला वाटतं, समीरच्या टोमण्यांपेक्षा त्यांना ते जड गेलं.

काका गेले तेव्हा स्मशानात समीर हळूच म्हणाला, "बिचाऱ्यांनी त्या टायरचं फारच लावून घेतलं." मी हो म्हटलं. निखिलचे वडील आधीच गेले होते. आता त्याच्या आईही राहिल्या नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

काटा माझ्याकडे आहे. दिवाळीच्या आधी वाघोलीच्या पंपावर मी मुलांच्या पेट्या तोलते. जाताना सांगते, येताना गाडीवर काही आणायचं नाही, सामान बसनं पाठवायचं. परवा एक नवा मुलगा म्हणाला, "ताई, आई ऐकणार नाही. तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, टायर कच्चा आहे."