डावा तळहात

डॉक्टरबाईंनी माझ्या बोटांची मुळं एकेक करून दाबली. दरवेळी मी कळवळले. मग रिपोर्ट पुढे ओढून त्या म्हणाल्या, "मावशी, हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आमवात म्हणतात तो. तुमच्याच पेशी तुमचे सांधे खातायत."

सात रस्त्याजवळच्या त्या दवाखान्यात मी तीन तास ताटकळले होते. बाहेर पडताना रडू नाही आलं, राग आला. बावन्न वर्षं ज्या अंगाला खाऊपिऊ घातलं, त्यानंच उलटावं?

सुरुवात झाली ती सकाळच्या ताठरपणानं. उठल्यावर मूठ उघडायचीच नाही. भवानी पेठेत आमचं साड्यांचं दुकान आहे. घड्या घालून बोटं दुखत असतील, म्हटलं. खरी पंचाईत पूजेची झाली. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलपान वाहायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. आठ वर्षांची असल्यापासून माझं हे चुकलेलं नाही. आता तळहातच सपाट होईना. बोटं जरा सैल व्हायला वेळ लागायचा, म्हणून सहाची पूजा मी दहावर नेली. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अत्तींना, कामाचं निमित्त सांगितलं.

जाऊबाईंचं निदान तयारच होतं: अंगातली प्रतिकारशक्ती कमी पडलीय, वाढव. मग गुळवेलीचा काढा सुरू झाला. दुखणं दुप्पट झालं, तसा मी काढाही दुप्पट केला. आमच्या शहाणपणाला तोड नाही.

एका सोमवारी मनगटात कळ आली आणि इष्टलिंग हातातून निसटून ताम्हनात पडलं. जुनी माणसं म्हणतात, ते अंगावेगळं झालं तर जगून काय करायचं. मी उचललं, धुतलं, गळ्यात बांधलं आणि कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दवाखाना गाठला. रक्त दिलं आणि रिपोर्टची वाट बघत बसले.

निदान सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी कागदावर सांधा काढून दाखवला. रक्तातल्या टी-सेल या पेशी परकं कोण ते ओळखतात. बी-सेल त्या परक्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं बनवतात. माझ्या टी-सेलची ओळखच चुकली होती. सांध्याच्या आतलं मऊ अस्तर, सायनोव्हियम, त्यांना परकं वाटलं. मग मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिथे जमल्या, टीएनएफ नावाचं रसायन सोडू लागल्या. त्यानं सूज येते, अस्तर फुगतं आणि हळूहळू हाड झिजतं. अँटी-सीसीपी ही तपासणी त्या चुकलेल्या प्रतिपिंडांची. माझी पॉझिटिव्ह होती.

"तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, तीच चवताळलीय. काढा आजपासून बंद," त्या म्हणाल्या.

मेथोट्रेक्सेट ही त्या पेशींना दाबणारी गोळी. आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. मी सोमवार धरला. मंगळवार मळमळण्यात जायचा. केस गळाले. गोळीनं लिव्हर बिघडत नाही ना, हे बघायला दर खेपेला रक्त द्यायचं. रांगेत बसले की मी शेजारणींचे वाकडे हात बघायची आणि नजर फिरवायची.

सहा महिन्यांनी सूज उतरली. डाव्या हाताची तीन बोटं वाकलेलीच राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पेशी शांत झाल्यात. बोटं सरळ होणार नाहीत. थोडं आधी आला असता तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत, म्हणून मी सांगते. सकाळी तासभर मूठ उघडत नसेल तर काढ्याचं पातेलं चढवू नका, सांध्यांच्या डॉक्टरकडे जा.

त्या संध्याकाळी अत्तींना सगळं सांगितलं, इष्टलिंग पडल्याचंसुद्धा. अत्ती अक्कलकोटकडच्या, ऐंशीच्या पुढच्या, पूजेच्या नेमाला कडक. त्या ओरडतील म्हणून मी मान खाली घातली होती. त्यांनी माझा हात मांडीवर घेतला आणि वाकलेल्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"पडलं व्हय? मग उचललीस की," त्या म्हणाल्या. "हात सपाटच पायजे असं कुटं हाय? ह्यात बसतंय बग."

दुसऱ्या दिवशी सहाला त्या माझ्या शेजारी पूजेला बसल्या. वाकल्या बोटांच्या खळग्यात इष्टलिंग बसलं, जराही हललं नाही. मला रडू फुटलं ते तेव्हा. अत्तींचे उपकार मी विसरणार नाही.

आता ते पडत नाही. पडणारही नाही, कारण हा हात आता पुरता उघडायचा नाही.