भिंतीवर चढणारी बोटं

शेजारच्या सुधाकाकू स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं टेकवून हात हळूहळू वर नेत होत्या. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर त्यांचा खांदा आखडलाय, म्हणून डॉक्टरांनीच हा व्यायाम दिलाय. बोटं डोक्याच्या उंचीला पोचतात न पोचतात तोच सासूबाई म्हणाल्या, "भिंतीला गुदगुल्या कसल्या करतेस गं? कणीक मळ, तोच व्यायाम!" घरातले सगळे हसले.

आपल्याकडे बाईचा हात बरा व्हायला हवा तो पोळ्यांसाठी. नव्याने उगवलेल्या केसांतून तिला स्वतः कंगवा फिरवता यावा, याला बरं होणं म्हणतंय कोण?

"कणीक मळताना हात वर जात नाही, आई," काकू शांतपणे म्हणाल्या, आणि भिंत सोडून त्यांनी परात पुढे ओढली.