हिरवळीवर बसलेल्या बायका

बाबा विमानतळावर आले नाहीत. सोसायटीच्या फाटकापर्यंत आले, तेही घरातल्या सपाता घालून. "विमानतळावर निरोप घेता येत नाही," ते म्हणाले, "तिथे नुसती ढकलाढकल. काय असेल ते इथेच." आई आणि माझा भाऊ मंदार मुंबईपर्यंत येणार होते. दीड वर्षाचा ईशान आईच्या कडेवर होता. मी वाकले, बाबांनी डोक्यावर हात ठेवला, "ये" म्हणाले आणि गाडी सुरू व्हायच्या आत वळून जिना चढायला लागले. पहिल्या मजल्याच्या खिडकीत ते थांबलेले दिसले. हात करतील म्हणून मी मान वळवून बघत राहिले. त्यांनी हात केला नाही, पण गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथून हललेही नाहीत.

हे २००६ सालचं. समीर, माझा नवरा, आधीच जर्मनीत आला होता. झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात तो इंजिनिअर आणि शेजारच्या बॉबलिंगेनमध्ये आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर. मागे हिरवळ, तिच्या कडेला मुलांचा श्पीलप्लात्स म्हणजे खेळायची जागा, दारावर जिना झाडायच्या पाळीची पाटी. सगळं नीटनेटकं आणि गप्प. समीर सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी नव्हतं, आणि ईशान तेव्हा बोलतच नव्हता. पुढे किंडरगार्टनमध्ये जायला लागला आणि बोलू लागला तो जर्मनमध्येच. मी विचारायचे, "भूक लागली का रे?" तो म्हणायचा, "या, मामा." म्हणजे 'हो, आई'.

सिना भेटली ती श्पीलप्लात्सवर. ईशान घसरगुंडीवरून पडला. इथल्या आया दुसऱ्याच्या मुलाला हात लावण्याआधी विचारतात. ही उंच, रुंद बांध्याची बाई मी पोचायच्या आत त्याला कडेवर घेऊन मोकळी झाली होती आणि त्याच्या कानाशी काहीतरी गुणगुणत होती. ती प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांची. नवरा अमेरिकन लष्करात, इथल्या छावणीत. "आमच्याकडे रडणारं मूल सगळ्यांचं असतं," ती इंग्रजीत म्हणाली, जणू चूक झाली असेल तर माफ कर. मला आत कुठेतरी सैल झाल्यासारखं वाटलं.

दर शनिवारी सकाळी सिना आणि तिच्या ओळखीच्या बायका चर्चच्या गेमाइंडेहाउसमध्ये, म्हणजे सभागृहात, जमायच्या. छावणीतली पाच-सहा सामोअन कुटुंबं, शेजारच्या टोंगा बेटांवरची एक बाई, आणि हुइया. हुइया न्यूझीलंडची, माओरी. एका जर्मन सुताराशी लग्न करून इथे आलेली, किंडरगार्टनमध्ये शिकवणारी. जमिनीवर चटया पसरायच्या, मुलांना मध्ये घ्यायचं, गाणी म्हणायची, आजोळच्या गोष्टी सांगायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. पुस्तक नाही, फळा नाही. हुइयाच्या आईला लहानपणी शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार बसला होता. पुढे त्यांच्याकडच्या आज्यांनीच तान्ह्या नातवंडांना मांडीवर घेऊन ती भाषा परत आणली, असं ती सांगायची. एक दिवस तिने एक चटई कोपऱ्यात ओढली आणि मला म्हणाली, "आल्झो, तर मग, ही तुझी. तू तुझ्या भाषेत बोल." मग पुण्याच्या आणखी दोन मुली येऊ लागल्या आणि आमची मराठी चटई सुरू झाली.

शनिवारी दुपारी मी पुण्याला फोन करायचे. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. सामोआ म्हटल्याबरोबर त्यांनी नकाशा काढला आणि तिथपासून त्यांचे प्रश्न सुरू झाले. "विचार त्यांना, ताऱ्यांवरून होडी नेतात तर ढग आल्यावर काय करतात?" "त्यांच्यात मामाला वेगळा शब्द आहे का?" पुढच्या शनिवारी मी विचारायचे आणि त्या बायका आपसात वाद घालून उत्तर द्यायच्या. माओरीत थोरल्या बहिणीला बहीण एका शब्दाने हाक मारते आणि भाऊ दुसऱ्याच, हे कळल्यावर बाबा आठवडाभर खूश होते. सिना त्यांना 'प्रश्नांचा माणूस' म्हणायला लागली. "आज तुझ्या वडिलांचं काय?" असं ती आल्या आल्या विचारायची.

ईशान फोनवरही जर्मनमध्येच बोलायचा. मी रडकुंडीला आले की बाबा म्हणायचे, "तो उत्तर कोणत्या भाषेत देतो ते बघू नकोस. तू विचारणं थांबवू नकोस."

२००९ च्या वसंतात स्वाइन फ्लूच्या बातम्या आल्या. मला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. आम्हाला आधी ते सगळं लांबचं वाटलं. हुइयाला वाटलं नाही. जूनपासून, म्हणजे त्यांच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, तिला घरून फोन येत होते. आजार तिच्या माणसांत जास्तच पसरत होता; एकेका घरात तीन-तीन पिढ्या, एकाला झाला की सगळ्यांना. सिना म्हणाली, तिच्या पणजीच्या काळात एका जहाजातून असाच ताप सामोआत आला होता आणि काही घरांत चूल पेटवायलाही कोणी उरलं नव्हतं. मग जुलैत हुइयाची भाची गेली. चोवीस-पंचवीसची मुलगी, पोटुशी.

त्या शनिवारी हुइया माझ्यापासून चांगली हातभर लांब उभी राहिली. एरवी ती नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून भेटायची. "तुला मी यापुढे शिवणार नाही," ती म्हणाली. "तू शनिवारी येऊही नकोस. बाळ झाल्यावर ये." मी हसण्यावारी न्यायला गेले, पण तिचा चेहरा बघून ईशानला घेऊन घरी परतले.

ऑगस्टमध्ये पुणं बातम्यांमध्ये आलं. जर्मन टीव्हीवर आमच्या ओळखीचे रस्ते, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, दवाखान्याबाहेर रांगा. शाळा बंद, थिएटरं बंद. आई म्हणायची, "आम्ही बाहेर पडतच नाही गं. तू तुझी काळजी घे." बाबांना मधुमेह होता. ताप आला तेव्हा त्यांनी तो अंगावर काढला. दम लागायला लागला तेव्हा मंदारने त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. मला सातवा संपत आला होता. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, जाऊ का. त्या म्हणाल्या, "आउफ काइनेन फाल." कुठल्याही परिस्थितीत नाही. समीर म्हणाला, मी एकटा जाऊन येतो. पण तो तिथून आला असता तर माझ्यापासून लांब राहावं लागलं असतं, आणि मला एकटं ठेवायचा त्याला धीर होईना. आम्ही ठरवत होतो तोवर मंदारचा फोन आला. "ताई, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला.

बाबांना घरी आणलंच नाही. स्मशानात मंदार आणि त्याचे दोन मित्र, एवढेच जण होते. घरी परतल्यावर मंदारलाही ताप भरला, त्याला गोळ्या देऊन घरीच राहायला सांगितलं. त्याची बायको मुलांना घेऊन नाशिकला अडकलेली. म्हणजे ज्या जिन्यात बाबांना ओळखत नाही असं माणूस नव्हतं, त्या जिन्यावर आई बंद दारामागे आजारी मुलाबरोबर बसून होती. "कोणी आलं नाही गं," ती फोनवर म्हणाली. तक्रार म्हणून नाही. तिला ते खरंच वाटत नव्हतं. "समोरच्या शोभानेसुद्धा दार उघडलं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समीर गॅलरीतून म्हणाला, "इकडे ये. बघ."

मागच्या हिरवळीवर चटया पसरल्या होत्या. सिना, हुइया, टोंगाची बाई, छावणीतल्या तिघी-चौघी. सगळ्या काळ्या कपड्यांत. त्यांच्यातल्या काहींच्या घरी मुलं खोकत होती, त्यामुळे जिना चढून कोणी येणार नव्हतं. हुइयाने खालून विचारलं, "वडिलांचा फोटो आहे? आम्हाला दिसेल असा ठेव." समीरने गॅलरीत खुर्ची मांडून तिच्यावर बाबांचा फोटो ठेवला. मग हुइया उभी राहिली आणि तिने लांब, उंच स्वरात हाक घातली. गाणं नाही, रडणंही नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. त्यांच्यात गेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. समोर बसून त्याच्याशीच बोलतात, रागावतात, हसतात, आणि मग जा म्हणतात. हुइया बाबांना तिच्या भाषेत ते म्हणाली आणि मला कळावं म्हणून इंग्रजीतही म्हणाली. जा, जा, तुझ्या माणसांकडे जा.

आम्ही 'जा' म्हणत नाही. माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. मी कठडा धरून उभी राहिले आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले.

सामोअन बायकांनी स्तोत्रं धरली, चार-चार सुरांत. तळमजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले बाहेर आल्या. या बाईंनी एकदा रविवारी, आवाज न करायच्या दिवशी, मी काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकायला गेले म्हणून मला परत पाठवलं होतं. त्यांनी विचारलं, हे किती वाजेपर्यंत चालणार? सिना म्हणाली, आठ. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, खुर्चीवरच्या फोटोकडे पाहिलं, "गुट", ठीक, म्हणाल्या आणि आत गेल्या, पण खिडकी लावून घेतली नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. मी फोन गॅलरीबाहेर धरला. बराच वेळ. मग कानाला लावला.

"कोण गातंय?" आईने विचारलं.

"सिना आणि त्या सगळ्या. बाबांसाठी आल्यात."

"घरात?"

"नाही. खाली, हिरवळीवर. मला काही होऊ नये म्हणून लांब बसल्यात."

आई म्हणाली, "अगं, त्या जेवल्यात का विचार."

मी खाली विचारलं. सिना म्हणाली, "तुझ्या आईला सांग, तुमच्या दाराशी भांडं ठेवलंय, आधी तुम्ही जेवा." नारळाच्या दुधातला भात होता, मीठ बेताचं. आईला सांगितलं तशी ती रडायला लागली, आणि रडता रडताच बोलायला लागली. बाबा हॉस्पिटलात जाताना जिन्यात काय म्हणाले, सपाता कशा उलट्या घालून निघाले होते. मंदार ऐकत असेल पलीकडून. मी ते जमेल तसं इंग्रजीत खाली सांगत गेले. त्या बायका ऐकत होत्या. सपातांचं ऐकून टोंगाची बाई हसली आणि मलाही हसू आलं. तीन संध्याकाळी त्या आल्या. आठ वाजले की सुराच्या मध्यावर असल्या तरी थांबायच्या, चटया गुंडाळायच्या आणि जायच्या.

नोव्हेंबरात रेवा झाली. वसंतात सिनाच्या नवऱ्याची बदली टेक्सासला झाली आणि त्यांचं सामान ट्रकमध्ये चढलं. जाताना तिने मला मिठीत घेतलं ते सोडेचना. पुढे हुइयाही आईच्या आजारपणात घरी गेली, ती तिकडचीच झाली. शनिवारची चटई मी अजून पसरते. आता तिथे बहुतेक मराठीच मुलं असतात.

रेवा वर्षाची झाल्यावर आम्ही पुण्याला गेलो. शोभाकाकूंकडे जायचं नाही असं मी विमानातच ठरवलं होतं. आई म्हणाली, "जाऊन ये. तिची नात तेव्हा दोन महिन्यांची होती घरात."

काकूंनी दार उघडलं आणि माझा हात धरूनच आत नेलं. "मी दाराआड उभी होते," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "वहिनींचं रडणं ऐकू येत होतं. कडी काढली आणि परत लावली."

मला काही तरी टोचून बोलायचं होतं. पण हिरवळीवरच्या बायकाही घरात आल्या नव्हत्याच. त्याही पोटातल्या बाळासाठीच लांब राहिल्या होत्या. फरक होताच, आणि तो लहान नव्हता. आई एकटी होती. तरी मला काकूंच्या चेहऱ्यावर नुसती भीतीच दिसत होती, अजून न गेलेली. मी खाली जमिनीवर बसले, रेवाला सोडलं आणि म्हटलं, "काकू, बाबांचं काही सांगा."

त्यांनी सांगितलं. शनिवारी माझा फोन झाला की बाबा त्यांचं दार वाजवायचे आणि उभ्या उभ्या सगळा वृत्तांत द्यायचे. "तुझ्या त्या सिनाचं, नि हुइयाचं. मला तर त्या तोंडपाठ झाल्या होत्या." काकू डोळे पुसत हसल्या. वर्षभर त्यांचं बोलायचं राहिलं होतं आणि माझं ऐकायचं. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिथेच होतो. आई हाक मारायला आली आणि तीही बसली.

तुम्ही जे तिकडेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, सगळे मला कधी ना कधी विचारता की आता घर कुठलं. आई अलीकडे वर्षातले काही महिने आमच्याकडे असते, पुण्याच्या घराला कुलूप असतं. शोभाकाकू मुलाकडे बंगळूरला गेल्या. जिन्यात आता नवी माणसं आहेत. बाबांना ओळखणारी माणसं अशी पांगली आहेत, एक टेक्सासमध्ये, एक समुद्रापार. ईशानला आजोबांचा फोनवरचा आवाज तेवढा आठवतो. रेवाने तर त्यांना पाहिलंच नाही. ती मधेच केव्हातरी, दप्तर भरताना, दात घासताना विचारते, "मामा, वी वार एर?" कसे होते ते?

मी हातातलं काम ठेवते आणि मराठीत सांगायला बसते. तेवढा वेळ मी घरी असते.