चाकाची तहान

आज अमरावतीच्या रस्त्यावर सायकलीच्या वंगणाचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

माझ्या लहानपणी, अमेरिकेतल्या लढाईने आणलेल्या कापसाच्या तेजीची धुंदी अजून उतरली नव्हती, तेव्हा पूर्णा नदीचा काठ पाहत फिरणारा एक गोरा साहेब पायाने फिरवायच्या, सायकलीसारख्या दोन चाकांच्या लाकडी गाडीवरून आमच्या गावात आला. आमच्या विहिरी खाऱ्या. गोड पाणी फक्त नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं. साहेबासमोर वाकलेल्या आमच्या पाटलाने त्याच झिऱ्यात ती चाकं धुवायला लावली. पाण्यावर वंगणाचा तवंग पसरला.

रिकामी घागर घेऊन उभी असलेली आई कडाडली, "काहून पाटीलबुवा, चाकाले तहान लागली काय?"

"गप राय वो! साहेब म्हनते, तुमची नदी लय देखनी हाये."

त्या देखण्या नदीच्या काठी त्या दिवशी आम्ही खारं पाणी प्यालो.