गोगलगायी आणि काकूंची ओटी

आमच्या चुडाव्यात काकूंइतका गोगलगायींचा राग कुणालाच नसेल. सोयाबीन दोन पानांवर आलं की शंखी गोगलगायी ओळीच्या ओळी फस्त करतात. मग काकू संध्याकाळी बांधाला ओली पोती अंथरतात आणि सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकतात. टाकताना ‘तुमचा वंश बुडो’ हे ठरलेलंच. आणि त्यांची पुतणी, म्हणजे मी, कोकणातल्या एका बंदरावर समुद्रातल्या गोगलगायी वाचवायच्या अभ्यासात! काकू पदर तोंडाला लावून हसायच्या.

यंदा सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला घरी आले. सकाळी काकूंसोबत शेतात गेले, तर त्यांनी वाकू दिलं नाही, बांधावर बसवलं. बसल्या बसल्या मी त्यांना माझं काम सांगितलं. बोटींच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून एक विषारी रंग लावत. तो पाण्यात उतरला आणि गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. अंडी बाहेर यायची वाटच बुजली. आता तो रंग बंद झालाय, पण बंदराच्या गाळात अजून सापडतो.

काकूंनी आधी काय विचारावं? त्या रंगाचा एखादा डबा आणता येईल का! मी कपाळावर हात मारला.

मग मात्र त्या पाठ फिरवून पुढची पोती उचलायला लागल्या. काकूंना मूल नाही. घरात कुणाचंही डोहाळजेवण असो, पुरणपोळ्या त्यांच्या हातच्या, आणि ओटी भरायची वेळ आली की त्यांना नेमकं चुलीपाशी काम निघतं. त्यांना कुणी जा म्हणत नाही, ये म्हणूनही बोलवत नाही. काकांना कधी कुणी दवाखाना दाखवला नाही. मी काकूंच्याच मांडीवर वाढले, त्यामुळे मला याची भयंकर चीड आहे.

शेवटचं पोतं झटकत त्या म्हणाल्या, “रंग बोटवाल्यानं लावला, अन् वांझ त्या झाल्या. त्यांचा कायच कसूर न्हाई की मग.”

“कायच न्हाई. काकू, माझी ओटी पहिली तुमीच भरायची.”

“बाया काय म्हणतील, माय?”

म्हणू द्या, मी म्हटलं. त्या बादली उचलून घराकडे चालू लागल्या.

डोहाळजेवणाच्या दिवशी मी पाटावर बसले, बाया ताटं घेऊन आल्या, आणि मी पदर पसरलाच नाही. काकू आल्याशिवाय नाही, एवढंच म्हटलं. माझा हट्ट घरात सगळ्यांना ठाऊक. शेवटी आईच उठली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली. पिठाचे हात पदराला पुसत काकू समोर बसल्या. ओंजळीतले निम्मे गहू जमिनीवर सांडले. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बांधावर. काकूंनी पोती उचलली, गोगलगायी वेचल्या, बादलीत टाकल्या. मीठ नेहमीएवढंच होतं. वंशाचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत.